महाविद्यालयातील थोरला वाटाड्या



१ ऑगस्ट २००४ रोजी एकाच जिल्ह्यासाठी स्थापन झालेले सोलापूर विद्यापीठ आज पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या नावाने ओळखले जाते. यंत्रमाग कामगाराचा मुलगा असो वा सांगोल्याच्या शेतकऱ्याची मुलगी. कित्येकांच्या घरात महाविद्यालयाची पायरी यापूर्वी कोणी चढलेले नसते.

नव्या शैक्षणिक धोरणाने या मुलांपुढे अनेक वाटा खुल्या केल्या. मुख्य विषय, दुय्यम विषय, खुले ऐच्छिक विषय. तीन वर्षांची पदवी वा चार वर्षांची ऑनर्स. पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडण्याचीही सोय आहे. मात्र त्यासाठी चार श्रेयांकांचा अतिरिक्त कौशल्य अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. ही अट वेळीच न कळल्यास विद्यार्थी रिकाम्या हाताने घरी परततो. त्या वर्षासाठी बापाने काढलेले कर्ज मात्र उरते.

परिपत्रक फलकावर असते. पण ते उलगडून सांगणार कोण? प्राध्यापकांपुढे ‘एवढेही ठाऊक नाही?’ या भीतीने मूल गप्प राहते. दोन वर्षे पुढे असलेल्या दादाला वा ताईला ते निःसंकोच विचारते. घरी कन्नड वा तेलुगू बोलणाऱ्या मुलाला तर आपल्या बोलीत समजावणारा ज्येष्ठ भेटला, की अर्धी भीती तेथेच सरते.

ही रीत या भूमीला परकी नाही. मद्रासच्या अनाथ मुलांच्या शाळेत अँड्र्यू बेल यांनी देशी शाळेतील वाळूवरचे अक्षरलेखन उचलले, थोरल्या मुलांकडून धाकट्यांना शिकवून घेतले आणि १७९७ साली तो प्रयोग लंडनमध्ये प्रसिद्ध केला. इंग्लंडने तो ‘मद्रास पद्धत’ म्हणून स्वीकारला. मुंबईच्या आय.आय.टी.त आज नवागतांना ज्येष्ठ विद्यार्थी मार्गदर्शक लाभतात. पुढील वर्षांत विभागवार शैक्षणिक मार्गदर्शकही असतात.

मात्र वाटाड्याने मर्यादा ओळखावी. स्वतःला सोपा गेलेला विषय दुसऱ्यावर लादू नये. ऐकीव माहिती नियम म्हणून सांगू नये. ‘ठाऊक नाही, चल, कार्यालयात विचारू’ असे म्हणण्यात कमीपणा नाही. मन खचलेले दिसल्यास प्राध्यापकांकडे वा समुपदेशकाकडे न्यावे. निर्णय विद्यार्थ्याचा आणि त्याच्या कुटुंबाचाच असावा.

महाविद्यालयांनीही अशा ज्येष्ठांना नियमांचे प्रशिक्षण द्यावे, प्रत्येकाकडे मोजकीच मुले सोपवावीत. सेवा निरपेक्ष असावी. ती अजाण मात्र नसावी.