प्रमाणपत्रानंतरचा अर्धा तास

विशेष शिक्षकांच्या ऑनलाइन प्रशिक्षणाविषयी आज बोलायचं आहे. मिनिटं मोजकी आहेत, म्हणून मुद्दा आधीच मांडतो. मोबाईलवर पाठ पाहणं आणि तो मुलासमोर घेणं यांच्यामध्ये एक पायरी असते आणि ती आपण गाळतो आहोत. शिकलेलं आधी एखाद्या सहकाऱ्यासमोर करून पाहायचं, त्यानं चुकलेलं दाखवायचं, मग पुन्हा करायचं, ही ती पायरी. व्हिडिओ संपले, प्रश्नमंजुषा सोडवली, प्रमाणपत्र हाती आलं की प्रशिक्षण पूर्ण झाल्याची नोंद होते. तिथवर काम निम्मंच झालेलं असतं.

ऑनलाइन प्रशिक्षण नको, असं मी म्हणत नाही. पूर्वी राज्याचे प्रशिक्षक जिल्ह्याला शिकवत, जिल्हा तालुक्याला, तालुका केंद्राला. आणि आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावच्या किंवा मोलगीच्या शिक्षकापर्यंत येईतो मूळ मजकुरातलं बरंच वाटेत गळून जाई. ऑक्टोबर 2020 पासून शिक्षकांचं ‘निष्ठा’ प्रशिक्षण ‘दीक्षा’ या सरकारी ऑनलाइन मंचावर आलं, 18 घटकांचं, समावेशक वर्गाच्या घटकासह, तेव्हा तज्ज्ञाचं बोलणं मधली माणसं न लागता थेट शिक्षकापर्यंत पोचलं. आणि नवं शिकण्याची गरज तर मोठीच आहे. 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे 7 प्रकार होते, 2016 च्या कायद्यात ते 21 झाले. त्या 21 मध्ये सिकलसेल आहे, आणि सातपुड्याच्या पायथ्याला सिकलसेल म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. ज्या शिक्षकानं आपली पदविका जुन्या कायद्याच्या काळात घेतली, त्याच्या अभ्यासक्रमात सिकलसेलचं मूल दिव्यांग म्हणून नव्हतंच. त्याला घरबसल्या नवं शिकायला मिळतं, ही चांगली सोय आहे. नवं शैक्षणिक धोरणही शिक्षकानं वर्षाला किमान 50 तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, असं म्हणतं. माझं म्हणणं इतकंच, की हे सगळे तास पडद्यासमोर जाऊ नयेत.

आपल्याकडची मिरची पाहा. शेतातून ती लाल, रसरशीत येते, पण ओलीच पोत्यात भरली तर आतल्या आत काळी पडते. म्हणून ती आधी पथारीवर पसरतात, उन्हात ठेवतात, वर-खाली करतात. बायका बसून देठ खुडतात, डागी मिरची बाजूला काढतात. तेव्हा कुठे ती वर्षभर टिकते. मोबाईलवरून मिळालेलं ज्ञान ही ओली मिरची आहे. माल उत्तम आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण आपण ती तशीच प्रमाणपत्राच्या पोत्यात भरून तोंड शिवतो आणि सहा महिन्यांनी वर्गात पोतं उघडतो तेव्हा तिखटपणा गेलेला असतो. पथारी हवी, आणि वर-खाली करणारे हातही हवेत. सहकाऱ्यासमोर करून पाहणं म्हणजे तेच.

याचा पुरावा एका साध्या चाचणीत मिळतो. श्रवणयंत्र लावलेल्या मुलाला नीट ऐकू येतं की नाही, हे रोज सकाळी पाहण्यासाठी सहा ध्वनी पुरतात: आ, ई, ऊ, म, स, श. शिक्षकानं ध्वनी काढायचा, मुलानं ऐकू आल्यावर हात वर करायचा किंवा डब्यात मणी टाकायचा. पाच मिनिटांचा व्हिडिओ पाहून हे कुणालाही कळतं. करायला बसलं की मात्र गंमत दिसते. समोर बसलं तर मूल ओठ वाचतं, म्हणून शिक्षक तोंडावर हात धरतो. पण हातानं आवाज दबतो आणि ‘स’ आणखी बारीक होतो. मागे उभा राहिला तर श्वास घेताना खांदे हलतात, जमिनीवरची सावली हलते, आणि हुशार मूल त्यावरच मणी टाकतं. ध्वनी एकाच लयीत काढले तर मूल लय पकडतं. हे शिक्षकाला स्वतःला दिसत नाही. आपलीच सावली आपण कशी पाहणार? शेजारी उभ्या सहकाऱ्याला ती लगेच दिसते. ‘मूल ऐकतं’ अशी नोंद होते आणि यंत्र बंद असतं, असं घडू शकतं. म्हणून पुन्हा सांगतो, पाहणारं दुसरं माणूस हवंच.

दुसरं कारण आपल्या जिल्ह्याचं स्वतःचं आहे. पावरी, भिलोरी, मावची, अहिराणी, गुजरी, घरोघरी वेगळी बोली. पहिलीतलं मूल मराठी प्रश्नाला गप्प राहतं. ते का गप्प आहे? प्रश्न कळला नाही, ऐकू आला नाही, की समजायला वेळ लागतो? दिव्यांगत्वाच्या पडताळणीची यादी मराठीतून भरली तर तिन्हींचं उत्तर एकच दिसतं. कधी मराठी न येणाऱ्या मुलावर मतिमंदत्वाचा शिक्का बसतो. कधी उलट, ‘भाषेचा प्रश्न आहे, येईल हळूहळू’ म्हणून खरोखर मदत लागणाऱ्या मुलाची वर्षं जातात. दिल्ली-पुण्यात तयार झालेला घटक हा फरक दाखवू शकणार नाही, आणि तो त्याचा दोषही नाही. त्या घरची बोली बोलणारा शिक्षक शेजारी असेल तर दोन प्रश्नांत उलगडा होतो. सिकलसेलचंही तसंच. थंडी, ताप, पाणी कमी पडणं यानं मुलाच्या वेदना उसळतात, हे पडदा सांगेल; पण आपल्या आश्रमशाळेत थंडीत पहाटे अंघोळीला कुठलं पाणी मिळतं, हे तिथल्याच माणसांनी एकत्र बसून पाहायचं आहे.

यावर आक्षेप येतो, की शिक्षकांना आणखी एक बैठक नको. अक्कलकुवा-धडगावच्या घाटातून तालुक्याला यायचं तर दिवस मोडतो, शाळा उघडी पडते. आक्षेप रास्त आहे. पण तालुक्याला बोलवा, असं मी म्हणतच नाही. केंद्राची शिक्षण परिषद होतेच. तिथे परिपत्रकं वाचण्यात जाणाऱ्या वेळातला अर्धा तास या कामाला द्या. गट साधन केंद्राच्या विशेष शिक्षकानं त्या महिन्यात शिकलेली एकच गोष्ट करून दाखवावी, इतरांनी ती करून पाहावी. दुसरा आक्षेप असा, की सहकाऱ्याची नजर म्हणजे तपासणी, शिक्षक बुजतो. बुजेल, जर शेरा लिहिला गेला तर. म्हणून त्या अर्ध्या तासाचा अहवाल कुणी मागू नये, फोटो मागू नये, गुण देऊ नयेत. अधिकाऱ्यांनाही मी हे प्रेमानंच सांगतो आहे, पण सांगतो आहे. राहिला रेंजचा प्रश्न, तर व्हिडिओ आधी उतरवून आणता येतो. चूक पाहायला रेंज लागत नाही.

पालकांना या अर्ध्या तासात कसं घ्यावं, विशेषतः बोली समजून घेण्यासाठी आयांना, हा मुद्दा मोठा आहे. तो आज पुरा होणार नाही, वेळ संपत आली. निदान एवढं करा. पुढच्या शिक्षण परिषदेला श्रवणयंत्र वापरणारं केंद्रातलं एक मूल आणि त्याची आई यांना बोलवा. यंत्र सुरू करून मुठीत धरा. शिट्टी वाजली तर ते चालू आहे, नाही वाजली तर आधी बॅटरी बदला. कानात असताना सतत वाजत असेल तर बहुधा कानातला साचा सैल झाला आहे. मूल वाढलं की कान वाढतो, साचा नवा करावा लागतो. मग ते सहा ध्वनी घ्या, आणि एकानं फक्त शिक्षकाच्या खांद्यांकडे पाहत बसावं.