बालकांच्या यकृताचा एक दुर्मिळ विकार : वेळीच ओळख
(वार्षिक सभेतील भाषणाचा गोषवारा)



बाळाच्या पोटात कठीण गाठ लागली की घरच्यांना प्रथम कर्करोगाची शंका येते. अशी प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. मात्र कर्करोग नाही म्हणून निर्धास्त राहणेही योग्य नव्हे. ‘इंडियन चाइल्डहूड सिऱ्हॉसिस’ हा विकार आपणास हेच शिकवतो.

१८८७ साली कोलकात्यात त्याचे प्रथम वर्णन झाले. सहा महिने ते पाच वर्षे या वयात तो आढळे. बाळ किरकिरे होई, भूक मंदावे, पोट फुगे. यकृत वाढून टणक होई व त्याची कड धारदार लागे. कावीळ आणि जलोदर मागाहून येत. तोवर बहुधा उशीर झालेला असे. एकाच घरात भावंडे दगावत, म्हणून आनुवंशिकतेची शंका घेतली जाई.

उलगडा आपल्याच महाराष्ट्रात झाला. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. शीला भावे व डॉ. आनंद पंडित यांनी इंग्लंडच्या डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्यासह बाळांच्या आहाराची चौकशी केली. १९८३ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बिनकल्हईच्या तांब्या-पितळेच्या भांड्यात तापवलेल्या वा साठवलेल्या दुधात तांबे उतरते. असे वरचे दूध लवकर सुरू झालेल्या बाळांच्या यकृतात ते साचत असावे, असे त्यांतून दिसले. पुढे पेनिसिलामाइन हे औषध आरंभीच दिल्याने अनेक बालके वाचली. भांडी बदलली आणि हा विकार क्वचितच दिसू लागला.

तरीही नागपूर व विदर्भातील मातांना आमची विनंती आहे. पहिले सहा महिने केवळ अंगावरचे दूध द्यावे. वरचे दूध तांब्या-पितळेच्या भांड्यात ठेवू नये. स्टीलचे भांडे वापरावे. पोट फुगत असेल तर ‘बाळसे धरले’ म्हणून समाधान मानू नये.

नवजात बाळाची कावीळ १४ दिवसांनंतरही टिकली, किंवा शी पांढुरकी होऊ लागली, तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांस दाखवावे. पित्तनलिका बंद असल्यास कासाई शस्त्रक्रिया पहिल्या ६० दिवसांत केल्यास यशाची शक्यता अधिक असते.

पोटावरून फिरणारा अनुभवी हात आणि मातेला विचारलेले दोन प्रश्न, एवढ्यानेही निदानाची सुरुवात होते. पुढील तपासण्या मात्र खर्चिक असतात. पैशाअभावी कोणत्याही बाळाची तपासणी लांबू नये, यासाठी आपले साहाय्य असेच लाभावे, ही नम्र प्रार्थना.