भिंतीवरचा चंद्र



धडगावच्या एका पाड्यावर एका घरात कुडाच्या भिंतीवर कोळशाने काढलेले चंद्र पाहिले. कुठे कोर, कुठे अर्धा, शेजारी बारीक रेघा. मला वाटलं, पोरांचा खेळ. घरची बाई हळूच म्हणाली, "बाई, ती माझी पाळी." पाळी येते त्या रात्रीचा चंद्र ती काढते आणि जितके दिवस अंगावरून जातं तितक्या रेघा ओढते. वर्षभर कोर जवळपास सारखीच होती. शेवटचे तीन चंद्र मात्र तीन तऱ्हांचे, आणि रेघा चाराच्या नऊ झालेल्या. लिहिता-वाचता न येणाऱ्या त्या बाईने डॉक्टर पहिल्यांदा विचारतात तेच नेमकं टिपून ठेवलं होतं.

पाळी पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत मोजायची. २१ ते ३५ दिवसांचं अंतर चालतं. नुकतीच शहाणी झालेली मुलगी असेल तर पहिली दोनेक वर्षं ४५ दिवसही लागू शकतात, तिला घाबरवू नका. एखाद्या महिन्याचं मागेपुढे होणंही साधं आहे. अंगावर दूध पाजताना, तांबी बसवल्यावर, 'अंतरा'चं गर्भनिरोधक इंजेक्शन घेतल्यावर पाळी बदलते. पाळी चुकली तर आधी आशाताईकडच्या निश्चय किटने दिवस गेलेत का ते पाहा.

पण कपडा किंवा पॅड तासा-दोन तासांत भिजतंय, मोठ्या गाठी पडताहेत, सात दिवसांपुढे जातंय, मधेच किंवा संबंधानंतर रक्त दिसतंय, तर दवाखाना गाठा. तीन महिने पाळी नाही आणि दिवसही गेलेले नाहीत, तरी जा. पाळी जाऊन वर्ष झालं आणि पुन्हा डाग दिसला, तर तो एकच डाग असला तरी थांबू नका. दिवस गेलेले असताना रक्त दिसलं किंवा चक्कर येऊन बाई खाली बसली, तर लगेच १०८.

आपण दुखणं अंगावर काढतो. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या ६५० स्त्रिया तपासल्या, १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं. ९२ टक्के स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग होता, आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के.

दुसरं टोक मला जास्त बोचतं. बीडच्या ऊसतोड बायांची २०१९ मध्ये सरकारी समितीने पाहणी केली, तेव्हा १३ हजारांहून अधिक बायांची गर्भाशयं काढलेली आढळली. दिवाळीनंतर आपल्याही पाड्यांवरून माणसं कोयता घेऊन ऊसतोडीला उतरतात. खाडा नको म्हणून पिशवीच काढून टाकण्याचा सल्ला कुणी दिला, तर ऑपरेशनआधी दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. बऱ्याचदा गोळ्यांनी रक्तस्राव आटोक्यात येतो.

आणखी एक. सातपुड्यात सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे. तोंड पांढरं पडलं म्हणून नुसत्या लोहाच्या गोळ्या आणू नका, हिमोग्लोबिन आणि सिकलसेल दोन्ही तपासून घ्या. बारा ग्रॅमच्या खाली हिमोग्लोबिन असेल तर तो पंडुरोग, आणि जास्त जाणारी पाळी हे त्याचं मोठं कारण.

ती बाई दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर धडगावच्या रुग्णालयात आली. भिंत आणता येईना, म्हणून पोराच्या वहीच्या पानावर तिने ते सगळे चंद्र उतरवून आणले होते.