साधा फ्लू आणि आपले हृदय

(मंडळाच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी डॉक्टर नाही. बी.कॉम. करून बँकेत लागलेला कारकून आहे. तरीही आज आरोग्यावर बोलायला उभा आहे, कारण आमच्या घरात जे घडले ते कुणाच्याही घरात घडू शकते.

बेल्याकडे राहणाऱ्या आमच्या काकांना एकदा हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता. त्यातून ते बरे झाले, शेतात जाऊ लागले. गेल्या पावसाळ्यात त्यांना फ्लू झाला. साधा ताप आहे म्हणून घरीच काढा घेत राहिले. अन्न जात नव्हते, म्हणून हृदयाच्या गोळ्याही बंद केल्या. पाचव्या दिवशी दुसरा झटका आला आणि काका गेले.

तेरवी झाल्यावर मी त्यांची फाईल चाळली. पहिल्या झटक्यानंतर दवाखान्याने दिलेला एक कागद तिच्यात होता. हृदयरोग्याने दरवर्षी फ्लूची लस घ्यावी, असे त्यावर छापले होते. कागद तेलुगूत होता आणि काकांचे शिक्षण मराठीत झालेले. मी बँकेत रोज तेलुगू वाचतो, पण ती फाईल कधी उघडली नाही. ही चूक माझीही आहे.

आपल्या आजी-पणजी १९१८ च्या साथीला मानमोडी म्हणत. त्या फ्लूने हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे नेली. आजचा फ्लू तितका भयंकर नाही, पण हृदयाला तो साधा नाही. तापात हृदयाला जास्त काम पडते. शरीरात दाह वाढतो, रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते. रक्तवाहिनीत आधीच साचलेला चरबीचा थर फुटला, की तिथे गुठळी होते आणि रक्तपुरवठा अडतो.

कॅनडातील एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. फ्लूचे निदान झाल्यानंतरच्या पहिल्या सात दिवसांत झटक्याचे प्रमाण एरवीपेक्षा सुमारे सहापट आढळले. २०२१ मध्ये आठ देशांतील अडीच हजारांवर हृदयरुग्णांचा अभ्यास आला. त्यात आपला शेजारी बांगलादेशही होता. झटक्यानंतर लगेच लस दिलेल्यांपैकी वर्षभरात २.९ टक्के दगावले, तर न दिलेल्यांपैकी ४.९ टक्के. हिशेब कळायला डॉक्टर असावे लागत नाही.

बंधूंनो, १९५६ साली राज्य पुनर्रचनेत आपल्या जिल्ह्याचे राजुरा आणि किनवट तिकडे गेले, आपण इकडे राहिलो. आपण तेलुगू शिकलो, मुले शिकतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण सत्तरीतल्या माणसाला जिवाची सूचना त्याला वाचता येईल अशा भाषेत मिळावी, ही मागणी अवाजवी आहे काय? मंडळाने जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन द्यावे: सरकारी दवाखान्यांत अशी पत्रके तेलुगूबरोबर मराठीतही असावीत. दुसरे, ही लस राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात नाही, ती पदरच्या पैशाने घ्यावी लागते. गरीब हृदयरुग्णांना ती मोफत मिळावी.

सरकार करील तेव्हा करील. तोवर आपण काय करायचे? घरात हृदयरोगी, मधुमेही किंवा वृद्ध असतील, तर पावसाळ्यापूर्वी डॉक्टरांना लसीबद्दल विचारा. विषाणू रूप बदलतो, म्हणून ती दरवर्षी घ्यावी लागते. तापात चालू गोळ्या मनाने बंद करू नका, दुकानातून वेदनाशामक आणून देऊ नका. छातीत दाब, दम लागणे, घाम, जबडा किंवा हात दुखणे यांपैकी काही दिसले, तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करा.

आणि आज घरी गेल्यावर वडीलधाऱ्यांची फाईल काढून त्यांना वाचून दाखवा. मला ते जमले नाही, तुम्हाला जमेल.