पस्तीस टक्क्यांपुढची वाट

(भंडारा जिल्ह्यातील किशोरी व मातांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



बारावीचा निकाल लागला की आमच्याकडे येणाऱ्या आयांचे बोलणे ठरलेले असते. "ताई, पोरीला नर्स व्हायचं होतं, पण मार्कच नाही पडले. आता पाहुणे पाहतो." कमी गुण आणि लग्न यांच्यामध्ये दुसरा रस्ताच नाही, असे आपण धरून चालतो. आज मला त्या दुसऱ्या रस्त्याविषयी बोलायचे आहे.

आधी गुण कमी का पडतात ते पाहू. आपला जिल्हा धानाचा. शाळा सुरू होते न होते तोच रोवणी लागते आणि वर्गातल्या कितीतरी मुली बांधीत दिसतात. आई रोवणीला गेली की धाकट्यांना सांभाळायला मुलगीच घरी राहते. नापास झालेल्यांची पुरवणी परीक्षा येते जून-जुलैमध्ये, म्हणजे पऱ्हे आणि रोवणीच्या ऐन दिवसांत! मुलगा नापास झाला तर त्याला शिकवणी लावतात, मुलगी नापास झाली तर तिला कामाला लावतात. मग तिला इंग्रजीत ३५ गुण पडले, तर ते तिच्या बुद्धीचे माप कसे? घराने तिला अभ्यासाला किती तास दिले, त्याचे ते माप आहे.

आता रस्ता सांगते. नर्सिंगची पहिली पायरी एएनएम, म्हणजे सहायक परिचारिका प्रसाविका. हा अभ्यासक्रम २ वर्षांचा. बारावी उत्तीर्ण हवी, कला शाखाही चालते. वय १७ ते ३५. म्हणजे लग्न झालेली, शिक्षण सुटलेली बाईसुद्धा येऊ शकते. दुसरी पायरी जीएनएम, ३ वर्षांची. तिला बारावीत एकूण ४० टक्के लागतात आणि इंग्रजीतही ४०. पण जी एएनएम होऊन नोंदणीकृत झाली आहे, तिला ही अट नाही. नुसती उत्तीर्ण असली तरी पुरते. जीएनएम झाल्यावर पोस्ट बेसिक बी.एस्सी. करून पदवी घेता येते. थेट बी.एस्सी. नर्सिंगला मात्र विज्ञान शाखा, टक्केवारी आणि प्रवेश परीक्षा लागते. तो दरवाजा बंद झाला म्हणजे घरच बंद झाले, असे नाही. बारावीच राहिली असेल तर १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षा देता येते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची बारावीही जीएनएमला चालते.

लाखांदूर तालुक्यातल्या एका मुलीचे सांगते. नाव सांगत नाही. बारावीला इंग्रजीत दोनदा नापास. वडील म्हणाले, पुरे झाले. आईने मात्र रोवणीच्या मजुरीतून फॉर्मचे पैसे भरले आणि महत्त्वाचे म्हणजे परीक्षेआधी महिनाभर तिला शेतावर नेले नाही. तिसऱ्या खेपेला ती पास झाली आणि पुढे एएनएमही झाली. प्रशिक्षणात पहिल्यांदा सलाईनचे गणित आले तेव्हा ती रडली होती. ५०० मिलिलिटरची बाटली ८ तासांत द्यायची, सेटमधून एका मिलिलिटरला २० थेंब पडतात, तर मिनिटाला किती? उत्तर २१. पण ही रोवणीच्या गुत्त्याचा हिशेब तोंडी करणारी पोर! एकदा रीत कळली आणि मग ती इतरांना शिकवू लागली. म्हणून सांगते, कमी गुण म्हणजे अभ्यास नको, असा अर्थ कुणी काढू नका. औषधाची मात्रा चुकली तर जीव जातो. गुण कमी पडले ते चालेल, शिकणे सोडून चालणार नाही.

आता धोक्याची गोष्ट. पात्र असणे वेगळे आणि जागा मिळणे वेगळे. सरकारी जागा थोड्या. कमी गुणांची मुलगी मागे राहते. तिला हेरायला दुकाने टपलेली असतात. "सहा महिन्यांत नर्स व्हा, मार्कांची अट नाही!" पांढरा गणवेश घालून फोटो काढतात, हजारो रुपये घेतात आणि हाती एक कागद देतात. त्या कागदावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी होत नाही. नोंदणी नाही तर ती नर्स नाही. खासगी दवाखान्यात ती तुटपुंज्या पगारावर राबणारी बाई होते. तेव्हा पैसे भरण्याआधी एकच प्रश्न विचारा: भारतीय परिचर्या परिषदेच्या आणि राज्य परिषदेच्या यादीत तुमच्या संस्थेचे नाव आहे का? उत्तर टाळले तर उठून या.

बायांनो, सपाट भागात ५,००० आणि आदिवासी भागात ३,००० वस्तीमागे एक उपकेंद्र असावे, असा सरकारचाच निकष आहे. तिथे आपल्या बाळंतपणाला जी धावून येते, ती आपल्याच गावची पोर असू शकते. बचतगटात पुढच्या बैठकीला दोन गोष्टी ठरवा. नापास झालेल्या प्रत्येक मुलीच्या घरी जाऊन तिचा फॉर्म भरून घ्यायचा. आणि परीक्षेच्या महिन्यात तिच्या वाट्याची रोवणी बाकीच्या बायांनी वाटून घ्यायची. जातीचे, उत्पन्नाचे दाखले आत्ताच काढून ठेवा, शिष्यवृत्तीला लागतात. पाहुणे काय, पुढच्या वर्षीही येतील. परीक्षेची तारीख कुणासाठी थांबत नाही.