काशीच्या आवारांतलें विमान

मनुष्याची जन्मपत्रिका असते, जातिवंत घोड्याची वंशावळ असते. लढाऊ विमानाजवळ असतो तो केवळ एक अनुक्रमांक. पण तेवढा अंक धरून शोधक निघाला, तर गंजलेल्या सांगाड्याचाहि इतिहास हातीं लागतो. बनारस हिंदु विश्वविद्यालयाच्या आवारांत सांपडलेल्या एका हरिकेन विमानाची हकीकत अशीच आहे.

इंग्लंडांतील पीटर व्हॅचर हे जुन्या रोल्स-रॉइस मोटारींच्या शोधांत १९८२ सालीं भारतांत हिंडत असतां हें विमान त्यांच्या दृष्टीस पडलें. यंत्रशास्त्राच्या विद्यार्थ्यांना अभ्यासासाठीं मिळालेलें तें विमान तोंवर अगदीं जीर्ण झालें होतें. हरिकेन जातीचीं चौदा हजारांवर विमानें बांधलीं गेलीं. त्यांतलें हें कोणतें?

श्रोतेहो, विमानाची ओळख पटविणें वाटतें तितकें सोपें नाहीं. बाजूवर रंगविलेलीं अक्षरें पथकाचीं असतात. पथक बदललें कीं तींहि बदलतात. एंजिनें वरचेवर बदललीं जात, एकाचे पंख दुसऱ्याला बसत. कायम राहतो तो अनुक्रमांक. या विमानाचा अंक होता आर ४११८. ब्रिटिश हवाई दलांत प्रत्येक विमानाचें एक कार्ड ठेवीत. कोणत्या तारखेस तें कोणत्या पथकाकडे गेलें, याची नोंद त्यावर होई. कोणता वैमानिक केव्हां उडाला व केव्हां उतरला, हें पथकाच्या रोजनिशींत लिहिलें जाई. शिवाय प्रत्येक वैमानिक स्वतःची उड्डाणवही राखी. एका नोंदींत चूक राहूं शकते. तिन्ही जुळल्या म्हणजे संशयास फारशी जागा उरत नाहीं.

आर ४११८ चा पूर्वेतिहास असा निघाला : १७ ऑगस्ट १९४० रोजीं तें स्कॉटलंडांतील ड्रेम येथें ६०५ व्या पथकांत दाखल झालें. सप्टेंबरांत पथक लंडननजीकच्या क्रॉयडन तळावर आलें, आणि ब्रिटनच्या आकाशांतील त्या निकराच्या संग्रामांत या एका विमानानें ४९ उड्डाणें करून शत्रूचीं पांच विमानें पाडलीं. पुढें तें वैमानिकांच्या शिक्षणासाठीं वापरलें गेलें. १९४३ च्या अखेरीस तें खोक्यांत बांधून हिंदुस्थानाकडे धाडण्यांत आलें, आणि १९४७ मध्यें विश्वविद्यालयाच्या स्वाधीन झालें.

दीर्घ वाटाघाटींनंतर २००१ मध्यें तें इंग्लंडास परत गेलें. तेथें त्याची पुन्हां बांधणी झाली व २३ डिसेंबर २००४ रोजीं तें आकाशांत उडालें. १९४० मध्यें तें चालविणारे रॉबर्ट फॉस्टर यांना उतारवयांत तें पुन्हां पाहावयास मिळालें.

विमान लढविलें वैमानिकांनीं, सांभाळलें बनारसच्या आवारानें. पण त्याची ओळख राखली ती पथकांतील लेखनिकांनीं. युद्धाच्या धामधुमींत त्यांनीं ते चार आंकडे नीट लिहून ठेवले नसते, तर हा जुना योद्धा भंगाराच्या भावानें विकला गेला असता, आणि कोणाला त्याची हळहळहि वाटली नसती.