पुस्तक बुडवू नका, वाचून जाब विचारा
(गंगाखेड येथे शेतकरी व कारागीर मंडळींपुढे झालेले भाषण)



आपण गोदाकाठी, जनाबाईंच्या गावात जमलो आहोत. दळणकांडण करणाऱ्या एका दासीचे शब्द सहाशेंहून अधिक वर्षे टिकले, हे आपले भाग्य होय. तुकोबांचे शब्द मात्र इंद्रायणीत बुडवावयास लावले. शूद्राने धर्म सांगू नये, हा त्या काळचा हुकूम. तो हुकूम काढविणारे वाघोलीचे रामेश्वरभट पुढे तुकोबांचेच शिष्य झाले, असे परंपरा सांगते. म्हणजे बुडवून जे साधले नाही ते ऐकून साधले!

आता आपल्याच घरातली गोष्ट सांगतो. कागलच्या शेतकऱ्याचा मुलगा आनंद यादव. शाळेसाठी केलेली झुंज त्यांनी ‘झोंबी’त लिहिली आणि १९९० साली त्या पुस्तकाला साहित्य अकादमीचा मान मिळाला. २००९ साली महाबळेश्वरच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष निवडून आले. इतक्यात त्यांच्या ‘संतसूर्य तुकाराम’ कादंबरीवर वारकरी मंडळी संतापली. यादवांनी माफी मागितली, कादंबरी मागे घेतली. तरी विरोध शमेना. अखेर त्यांनी अध्यक्षपद सोडले व संमेलन अध्यक्षाविना पार पडले.

त्या दिवसांत आमच्यापुढेही निषेधाचा कागद आला. कादंबरी आम्ही डोळ्यांनी पाहिलीसुद्धा नव्हती. तरी तुकोबांचे नाव ऐकताच सही ठोकली. सावकाराच्या कोऱ्या कागदावर अंगठा देणाऱ्या बापाला आम्ही जन्मभर बोल लावला, आणि लिहितावाचता येत असून स्वतः तेच केले! याची लाज आम्हांस आजही वाटते.

हल्ली असा कागद दारोदार फिरवावा लागत नाही. तो मोबाइलवर येतो व एका बोटाने पुढे जातो. ६ डिसेंबर २०२२ रोजी राज्य सरकारने अनघा लेले यांना कोबाड गांधींच्या ‘फ्रॅक्चर्ड फ्रीडम’ या पुस्तकाच्या अनुवादाबद्दल पुरस्कार जाहीर केला. मूळ लेखकावरील नक्षलवादाच्या आरोपांवरून समाजमाध्यमांत ओरड झाली. १२ तारखेस पुरस्कार रद्द, निवड समितीही बरखास्त! सहा दिवसांत ओरडणाऱ्यांपैकी किती जणांनी ते पुस्तक उघडले असेल, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

कोणी म्हणेल, मग संतांची वाटेल तशी निंदा मुकाट्याने ऐकावी काय? मुळीच नाही. तुकोबा आपल्या घरचे आहेत; त्यांच्याविषयी कोणी खोटे लिहिले तर राग आलाच पाहिजे. परंतु राग कसा धरावा हे जोतीरावांकडून शिकावे. १८८५ साली मराठी ग्रंथकारांच्या सभेचे बोलावणे आले, तेव्हा ज्यांच्या ग्रंथांत बहुजनांच्या हक्कांस जागा नाही त्यांच्याशी आपला मेळ बसत नाही, असे त्यांनी स्वच्छ कळविले. कोणाचे पुस्तक बुडवा, असे मात्र म्हटले नाही. उलट ‘गुलामगिरी’ व ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून त्यांनी आधीच उत्तर दिले होते.

ध्यानात ठेवा, पुस्तक बंद पाडण्याची वहिवाट एकदा पडली की ती बलवानाच्या हाती जाते. आज दुसऱ्याचे बंद होईल. उद्या तुमचा पोरगा सावकाराविषयी, कारखानदाराविषयी, पुढाऱ्याविषयी लिहील, तेव्हा त्याचेही त्याच वाटेने बंद होईल. बलवानाला बोलावयास शंभर जागा आहेत. आपल्यापाशी पुस्तकाखेरीज काय आहे?

सबब आमची विनंती एवढीच : वाचल्याखेरीज सही करू नका, वाचल्याखेरीज मजकूर पुढे धाडू नका. पुस्तक खटकले तर पारावर चार जणांत मोठ्याने वाचा. खोटे असेल ते कीर्तनात, सभेत, लेखात खोडून काढा. लेखकाला गावात बोलवा, भाकरी खाऊ घाला आणि तोंडावर जाब विचारा.

शेतातले तण आपण पीक ओळखूनच उपटतो. पुस्तकाला तेवढाही न्याय देऊ नये काय?